टेकडीवरच्या कॅम्पसवर ८० एमएमचे इनलाइन स्केट्स: चाकं नंतर बघा, आधी ब्रेक बघा

मुद्द्याचं आधी सांगून टाकते. टाचेला ब्रेक असलेले, प्रत्येक बुटाखाली एका ओळीत चार चाकं (म्हणजेच इनलाइन) आणि चाकाचा व्यास ८० एमएम असलेले साधे फिटनेस स्केट्स चढउताराच्या कॅम्पसवर मस्त चालतात, पाचपैकी साडेचार मी बिनधास्त देईन, पण ते साडेचार त्या ब्रेकमुळे आहेत आणि उरलेला अर्धा पण ब्रेकमुळेच कापलाय, का ते पुढे येईलच. घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे एकतर सपाट रिंकवरचे नाहीतर समुद्राकाठच्या गुळगुळीत रस्त्यावरचे, आणि पुण्यात टेकडीला चिकटलेल्या कॉलेजात राहणाऱ्या माणसाला त्यातलं निम्मं काही कामाचं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमचं कॅम्पस म्हणजे खाली मेन गेट, मधे लायब्ररी आणि डिपार्टमेंटं, आणि पार वरती हॉस्टेल. पुण्याला हे काही नवीन नाही, शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास, मधल्या उतारांवर आणि कात्रज, सिंहगड रोड, लवळे या बाजूंना किती कॉलेजं उभी आहेत ते सगळ्यांना माहितीये. गाडीवर जाणाऱ्याला यातला बराचसा उतार जाणवत पण नाही. चालताना थोडी धाप लागते तेवढीच. पायात चाकं घातली की मात्र कुठे रस्ता जरा कलतो, कुठे परत सपाट होतो, सगळं कळायला लागतं, ज्या रस्त्याला आपण इतके दिवस सपाट समजत होतो तो सपाट नसतोच.

जरा हिशोब करून बघा. १०० मीटर रस्त्यात ५ मीटर उतार हा डोळ्याला किरकोळ दिसतो. पण हवा आणि घर्षण बाजूला ठेवलं तर वरून नुसते उभे राहून सुटलात तरी खाली पोचेपर्यंत वेग ताशी ३५ किलोमीटर होतो. प्रत्यक्षात हवा अडवते, चाकं अडवतात, त्यामुळे तेवढा होणार नाही, पण त्याच्या निम्मा जरी झाला तरी ताशी १७-१८, आणि समोर कॉर्नरवरून कोणीतरी ॲक्टिव्हा घेऊन वर येतंय. त्यात वेग दुप्पट झाला की तेवढ्याच ब्रेकवर थांबायला अंतर चौपट लागतं. शाळेच्या पुस्तकातलंच आहे हे, पण पायात स्केट असताना ते पोटात जाणवतं.

दुकानात काय होतं ते सांगते, कारण बहुतेकांची गडबड तिथेच होते. खेळाच्या सामानाच्या दुकानात इनलाइन मागितले की दोन गोष्टी पुढे करतात, रंग आणि बेअरिंगचा नंबर. 'मॅडम हे बघा, एबेक नऊ, एकदम फास्ट पळतात,' असं दुकानातल्या काकांनी मला सांगितलं आणि वर ब्रेकवर बोट ठेवून 'हे हवं तर काढून देतो, मुलं काढूनच टाकतात' असंही म्हणाले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, त्यांच्याकडे येणारी बरीचशी गिऱ्हाईकं म्हणजे स्केटिंग क्लासची पोरं, ती सपाट रिंकवर गोल फिरतात आणि वळणावर पायावर पाय टाकताना टाचेचा ब्रेक खरंच मधे येतो. मी म्हटलं काका, पळायला उतार आहेच, मला थांबवणारे दाखवा. मग ते आतल्या फळीवरून हा जोड घेऊन आले, काळा-राखाडी, दिसायला अगदीच साधा, साडेपाच हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या किमतीत जे जोड मिळतात त्यांची रचना जवळपास सारखीच असते, त्यामुळे नाव बघण्यापेक्षा रचना बघा.

आणि तो एबेक नंबर, १, ३, ५, ७, ९ असा जो असतो, तो वेगाचा नंबरच नाही हो. बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय त्याची ती श्रेणी आहे. उतारावर वेग पृथ्वी देते, फुकट देते आणि न मागता देते, त्यामुळे एबेक नऊसाठी जास्तीचे पैसे घालवू नका, तेच पैसे मनगटाच्या रिस्ट गार्डला द्या.

आता ब्रेक. उजव्या स्केटच्या मागे, शेवटच्या चाकाच्या मागच्या बाजूला एक रबराचा ठोकळा असतो, तो बोल्टने बसवलेला असतो, डावखुऱ्यांना बऱ्याच मॉडेलमध्ये तो डाव्या पायाला हलवता येतो. वापरायची पद्धत अशी की उजवा पाय पुढे सरकवायचा, चांगला अर्धा स्केट पुढे, दोन्ही गुडघे वाकवायचे, सुरुवातीला वजन मागच्या पायावर, मग उजव्या पायाचा चवडा वर उचलायचा की मागचा रबर रस्त्याला टेकतो, आणि टेकला की मग टाचेवर हळूहळू जोर वाढवत जायचा. नवीन माणूस हमखास काय करतो, तर पाय पुढे न सरकवता जागच्या जागी चवडा उचलतो, मग तोल मागे जातो आणि बसतो माणूस रस्त्यावर. पुढे सरकवणं हाच यातला सगळा कस आहे. आमच्याकडे मी नवीन मुलींना पार्किंगच्या सपाट जागेत आधी नुसतं हेच करायला लावते, चाकांवर उभं राहून पाय कात्रीत पुढे-मागे, पुढे-मागे, रबर टेकवायचा पण नाही. कंटाळवाणं आहे. पण जिने हे केलंय तिला उतारावर नेताना मला भीती वाटत नाही.

आणि ब्रेक हा वेग वाढल्यावर थांबायला आहे असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. उतारावर ब्रेक असतो तो वेग वाढूच न द्यायला. म्हणजे हॉस्टेलच्या गेटमधून बाहेर पडल्या पडल्या, अजून वेग आलेलाच नाही तेव्हाच रबर हलका टेकवायचा आणि लायब्ररीच्या वळणापर्यंत तो असाच टेकत-सोडत न्यायचा. चांगला ब्रेक कसा ओळखायचा तर तो चावत नाही, घासतो. या जोडाचा रबर टेकला की एकसारखा खर्रर्र आवाज येतो, पायाला झटका बसत नाही, रस्त्यावर मागे एक बारीक काळी रेघ उमटत जाते आणि मोठ्या उताराच्या शेवटी जळक्या रबराचा वास येतो. तेव्हा लगेच हात लावू नका त्याला, चांगलाच तापलेला असतो.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते, स्केटिंगच्या इतिहासात नेहमी सांगतात. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा मूळचा बेल्जियमकडचा कारागीर होता, घड्याळं, वाद्यं, यंत्रं बनवणारा, तो एका मेजवानीत पायाला चाकं लावून व्हायोलिन वाजवत आला आणि थांबता न आल्यामुळे थेट मोठ्या महागड्या आरशावर जाऊन आदळला, आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं आणि तो स्वतः चांगलाच जखमी झाला म्हणतात. पळायचं कसं ते माणसाला आधी सुचलं आणि थांबायचं कसं ते फार नंतर. १९८० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातल्या रोलरब्लेडने इनलाइन स्केट घरोघरी नेले, मुळात बर्फावरच्या हॉकीवाल्यांना बर्फ नसताना सराव करता यावा म्हणून, आणि मग १९९० च्या दशकात त्याच कंपनीने एबीटी नावाचा ब्रेक काढला, त्यात चवडा उचलावाच लागत नाही, पाय पुढे सरळ केला की पोटरीमागचा कफ कलतो आणि त्याला जोडलेला दांडा रबर खाली दाबतो, चारही चाकं रस्त्यावरच राहतात. उतारावर राहणाऱ्यांना याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. जुन्या स्टॉकमध्ये किंवा कोणाकडे वापरलेला असा जोड दिसला आणि मापाचा असला तर जरूर बघा.

आता अर्धा मार्क का कापला ते. उतारावर हा रबर जाम लवकर झिजतो. सपाट रस्त्यावर वर्षभर जाईल तो आमच्या रस्त्यावर एका सेमिस्टरमध्ये संपायला येतो, आणि त्याच्यावर झिजेची खूण असते तिच्या खाली गेलं की बोल्टचं डोकं रस्त्याला लागायला लागतं, मग ब्रेक लागत नाही, नुसता लोखंडाचा आवाज येतो. बरं, हे पॅड सगळ्यांना सारखं बसत नाही. प्रत्येक कंपनीचा, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचा आकार वेगळा. माझा पहिला रबर संपला तेव्हा दुकानात मिळाला नाही, कंपनीला मेल केला तर आठवडाभर उत्तर नाही, आणि शेवटी आलं ते 'सध्या उपलब्ध नाही' एवढंच. साडेपाच हजारांचा जोड शंभर-दोनशेच्या रबरासाठी महिनाभर कपाटात पडून होता, याचा मला खरंच राग आला. ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून आहे ती सुटी मिळत नसेल तर बाकी स्केट कितीही छान असू दे. शेवटी ऑनलाइन एकाकडे मिळाला आणि मी दोन जास्तीचे मागवून ठेवले. त्यामुळे विकत घेताना पहिला प्रश्न हा विचारा की याचा रबर सुटा मिळतो का, मिळत असेल तर जोडाबरोबरच दोन घेऊन टाका, आणि मिळत नसेल तर तो जोड परत फळीवर ठेवा.

बदलायला सोपा आहे, मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून बदलते. ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) बोल्ट काढायचा, जुना रबर ओढून काढायचा, नवीन बसवून घट्ट करायचा, पाच मिनिटांचं काम. फक्त धूळ जाऊन बोल्ट घट्ट बसलेला असतो, तेव्हा की पूर्ण आत बसवून मगच जोर लावा, अर्धवट बसवून फिरवली की आतले कोपरे गोल होतात आणि मग तो बोल्ट काही केल्या निघत नाही.

ब्रेकशिवाय थांबायचे बाकीचे प्रकार पण यायला हवेत, एकावर विसंबू नका. पाय फाकवून टाचा बाहेर ढकलायच्या तो प्लाऊ, हळू वेगात आणि गर्दीत सगळ्यात उपयोगी. टी-स्टॉप, म्हणजे मागचा पाय आडवा करून घासत आणायचा, दिसायला भारी दिसतो पण उतारावर सारखा टी-स्टॉप मारला की मागच्या पायाच्या चाकांची आतली कड खलास होते, ब्रेकचा रबर दोनशेचा आणि आठ चाकांचा सेट त्याच्या कितीतरी पट महाग, तेव्हा तुम्हीच ठरवा. रस्ता रुंद आणि रिकामा असेल तर सरळ खाली न येता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे वळणं घेत यायचं, प्रत्येक वळणात वेग थोडा मरतो. हे मला सगळ्यात आवडतं, रविवारी सकाळी सातच्या आधी पूर्ण रस्ता आपला असतो आणि वरून खालपर्यंत अशी मोठी मोठी वळणं घेत येण्यात जे सुख आहे त्यासाठी मी परीक्षेच्या काळात पण लवकर उठते. आणि अगदीच काही सुचलं नाही तर कडेच्या गवतात शिरायचं, गुडघे वाकवून, एक पाय पुढे ठेवून. मात्र गवत आधी पायी जाऊन बघून ठेवा, आमच्याकडे गवताखाली पाइपलाइनचे खड्डे आहेत.

चढाबद्दल कोणी लिहीतच नाही, खरंतर अर्धा वेळ आपण चढतच असतो. सपाटीवरचे लांब स्ट्रोक चढावर चालत नाहीत, दोन स्ट्रोकच्या मधेच स्केट थांबतो आणि मागे यायला लागतो, म्हणून पावलं छोटी, पटपट, चवडे बाहेरच्या बाजूला, आणि कमरेतून वाकण्यापेक्षा गुडघ्यात खाली बसून. मांड्या भरून येतात पहिले काही दिवस. पण ८० एमएमची चाकं इथे बरी पडतात, माणूस जमिनीपासून फार वर नसतो आणि घोटा डगमगत नाही.

रस्त्यांचं सांगते, कारण पुण्यात चाकाच्या मापापेक्षा रस्ता जास्त ठरवतो. आमच्याकडे तीन प्रकार आहेत. जुना डांबरी रस्ता, ज्याची खडी वर आलीय, त्यावर स्केट हळू पडतात आणि पाय बधिर होतात पण उतारावर तो हळूपणा उपयोगाचाच असतो. नवीन काँक्रीटचा रस्ता, वरून गुळगुळीत वाटतो पण त्यावर आडव्या बारीक रेघा मारलेल्या असतात, त्यावरून जाताना मिक्सरवर उभं राहिल्यासारखं होतं, आणि दोन स्लॅबच्या मधली फट चाकाच्या दिशेत आली तर चाक आत बसतं, म्हणून फट नेहमी तिरकी कापा. आणि तिसरे पेव्हर ब्लॉक, त्यांच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही. मुख्य इमारतीसमोर सगळीकडे तेच आहेत, तिथे मी सरळ स्केट काढून चपला घालते, बॅगेत चपला कायम असतात.

स्पीडब्रेकर घाबरण्यासारखे नाहीत. गुडघे वाकवून एक पाय पुढे एक मागे ठेवला की रुंद उंचवटा आरामात पार होतो. पिवळे-काळे रबरी, बोल्टने ठोकलेले जे असतात ते वाईट, त्यांची कड उभी असते आणि एखादा तुकडा उखडलेला असतो, तिथे थांबून पाऊल टाकून ओलांडायचं. पट्ट्यांचे रंबलर कडेने जागा असेल तर कडेने. चेंबरची झाकणं, पावसाच्या पाण्याच्या जाळ्या, बांधकामाची सांडलेली कच, हे सगळं एकदा पायी फिरून डोक्यात बसवून ठेवा. कच सगळ्यात वाईट, छोटा खडा चाकासमोर आला की चाक तिथेच अडकतं आणि माणूस पुढे जातो. उन्हाळ्यात गुलमोहराच्या शेंगा पडतात, त्या पण तशाच.

चाकांवर ८२ए असं लिहिलेलं असतं, तो कडकपणाचा आकडा, जितका कमी तितकं चाक मऊ. आमच्यासारख्या रस्त्याला ८२ च्या आसपासचं मऊ चाक बरं, हादरे कमी बसतात आणि वळताना पकड राहते, ८५ किंवा त्यावरचं गुळगुळीत रिंकवर छान पळतं पण आपल्या खडीवर दात वाजतात. मऊ चाक झिजतं लवकर हे खरंय. त्यासाठी चाकं वेळच्या वेळी फिरवत राहा, पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या, आणि या पायातलं त्या पायात, झिजलेली कड बाहेर येईल अशी उलटवून. ॲक्सलचे बोल्ट पण तेव्हाच तपासून होतात, खडीच्या रस्त्यावर हादऱ्यांनी ते सैल होतात, दर आठवड्याला एकदा हात फिरवायचाच.

बेअरिंगचं एकच सांगते. जवळपास सगळ्या इनलाइन स्केटला जे बेअरिंग लागतं ते ६०८, आठ एमएमचं भोक, बाहेरून बावीस, जाडी सात. एका चाकात दोन, म्हणजे आठ चाकांना सोळा. हे काही स्केटिंगचं खास बेअरिंग नाही, छोट्या मोटरींपासून कशाकशात असतं, त्यामुळे नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या भागात जाऊन बेअरिंगवाल्याकडे रबर सीलवालं ६०८ मागितलं तरी काम होतं, डब्यावर स्केटचं नाव छापलेलंच हवं असं नाही. धूळ आपल्याकडे एवढी की रबर सील बरं. पावसात मात्र स्केट बाहेरच काढू नका, जून ते सप्टेंबर वाळलेला रस्ता मिळाला तरच, कारण बेअरिंगमध्ये पाणी गेलं की गंजतं हा नंतरचा भाग, आधी ओल्या उतारावर ब्रेकचा रबर पकडतच नाही आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून पाय सरळ निसटतो. कडेला शेवाळ असतं ते वेगळंच. भिजलेच तर चाकं काढून बेअरिंग पुसून, वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडायचा.

बूट घेताना संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. मोजे तेच घालून जा जे पुढे घालणार आहात. उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की टाच मागे बसून अंगठा सुटला पाहिजे. 'एक नंबर मोठा घ्या, नंतर सैल वाटला तर दोन मोजे घाला' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, टाच आत हलली की चवडा उचलताना बूट उचलला जातो पण ब्रेक टेकत नाही. म्हणजे परत ब्रेकच. या जोडाला लेस, घोट्यावर तिरका पट्टा आणि वर बकल असे तिन्ही आहेत, तिरका पट्टा सगळ्यात महत्त्वाचा, टाच तोच धरून ठेवतो. आतलं अस्तर आपल्या हवेत घामाने वास मारतं, दर वेळी काढून वाळत घाला.

गार्ड्सबद्दल मी हट्टी आहे. पडताना माणूस हात पुढे टाकतो, ते आपल्या हातात नसतं, म्हणून इनलाइनमध्ये सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट. रिस्ट गार्डची तळहाताकडची प्लास्टिकची पट्टी रस्त्यावर घसरते आणि हात जागेवर अडकून मोडण्याऐवजी पुढे सरकतो. गुडघ्याचे, कोपराचे, मनगटाचे गार्ड घेताना ईएन १४१२० आणि हेल्मेट घेताना ईएन १०७८ ही युरोपियन मानकं छापलेली बघा, दुसरं सायकल आणि स्केटिंगसाठीचंच आहे. माझ्या रूममेटला 'लहान मुलांसारखं वाटतं' म्हणून नकोच होते, मी तिला सांगितलं की गार्डशिवाय उतारावर मी तुझ्याबरोबर येणार नाही. तिने घातले. गेल्या महिन्यात वर्कशॉपच्या कोपऱ्यावर ती हात टेकून पडली, पट्टीवर मोठा ओरखडा उठला आणि तिने उठून हात झटकले, संध्याकाळी प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच हाताने पूर्ण केलं.

परवानगीचं पण विचारतात लोक. प्रत्येक कॉलेजचं वेगळं असणार, पण आमच्या गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांनी मला पहिल्यांदा अडवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'ताई, थांबता येतं का ते दाखवा आधी.' मी थोडी वर चढून गेले, खाली आले आणि बॅरियरच्या बऱ्याच आधी त्यांच्यासमोर थांबले. त्यांनी खाली वाकून तो रबर बघितला, बोटाने दाबून बघितला, आणि सकाळी आठपर्यंत आणि रविवारी दुपारपर्यंत फिरा, कॉलेज सुटायच्या वेळी दिसू नका असं सांगितलं. मला अजून कोणी यापेक्षा चांगला नियम सांगितलेला नाही. आता नवीन कोणी स्केट घेऊन आलं की ते त्यांना पण तेच करायला लावतात.

कुत्र्यांचं एक. चाकांच्या आवाजाने काही कुत्री मागे लागतात, तेव्हा वेग वाढवू नका, उतारावर तर अजिबातच नाही, थांबा, उभे राहा, बोला त्यांच्याशी, कॅम्पसची कुत्री ओळखीची होतात. आणि अंधारात जाऊ नका, दिव्याखाली झाडांच्या सावल्यांत कच दिसत नाही.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. ज्यांना रिंकवर शर्यतीचं शिकायचंय त्यांच्यासाठी हे नाहीत, त्यांनी कोचला विचारून घ्यावं. मोठ्या तीन चाकांचे ११० एमएमवाले हल्ली खूप दिसतात, फ्रेमची, म्हणजे बुटाखाली चाकं धरणाऱ्या पट्टीची लांबी बऱ्याचदा तेवढीच असते, २४३ एमएमच्या आसपास, आणि खराब रस्ता ते जास्त चांगला गिळतात हे मान्य, पण माणूस उंच होतो, वेग पटकन चढतो आणि अनेक मॉडेलना टाचेचा ब्रेक येतच नाही. सपाटीवर पक्के झाल्यावर घ्या हवं तर. आणि लहानपणी क्वॉडवर (दोन चाकं पुढे, दोन मागे असलेल्या जुन्या पद्धतीच्या स्केटवर) क्लास केला होता म्हणून येईलच असं धरून चालू नका, क्वॉडचा रबर पुढे चवड्याखाली असतो, इनलाइनचा मागे टाचेला, जुन्या सवयीने चवडा खाली दाबला तर उतारावर तोंडावर पडाल.

सेकंडहँड बघत असाल तर कॉलेजच्या नोटिसबोर्डवर वर्षाच्या शेवटी पास होऊन जाणारी मुलं बरेच जोड काढतात. असा जोड हातात घेतला की चाकं फिरवून बघण्याआधी उलटा करून रबर बघा, किती शिल्लक आहे, बोल्टचे कोपरे शाबूत आहेत का, ब्रेकचा सांगाडा हलतोय का. ब्रेक काढून टाकलेला असेल तर सांगाडा आणि बोल्ट जपून ठेवलेत का ते विचारा, ठेवले नसतील तर उतारावर राहणाऱ्याने तो जोड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. मग कफ हलवून बघा, फ्रेमला तडा आहे का बघा, आणि सगळं ठीक असेल तर नवीनच्या निम्म्या किमतीपर्यंत जायला हरकत नाही, अस्तर धुऊन वापरता येतं.